लंडन टॉवर : अण्णांना कोहिनूर नीट बघता यावा यासाठी काय करू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई-अण्णा वाईहून आमच्याकडे रेडिंगला येतायत. अण्णा ७६ वर्षांचे, फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन चालतात, पण दहा-पंधरा मिनिटांनी बसावं लागतं. बाकी लंडन राहिलं तरी चालेल म्हणतात, टॉवर मात्र बघायचाच.

३१ वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. १८४९ चा लाहोरचा तह, पंजाबचा दहा वर्षांचा शीख महाराजा दुलीपसिंग आणि त्याच्याकडून घेतलेला कोहिनूर, हे त्यांनी किती वर्गांना सांगितलं असेल! १८५२ मध्ये इथे नव्याने पैलू पाडताना १८६ कॅरटचा हिरा १०५ वर आला, हे सांगताना अजून त्यांचा आवाज जड होतो. परवा फोनवर विचारत होते, "किती लांबून दिसतो गं? चष्मा दूरचा लावू की जवळचा?"

मला सांगता येईना. मी एकदाच गेलेय, तेही ऑगस्टमधल्या शनिवारी दुपारी. मुकुटांच्या काचेसमोर थांबता येत नाही, सरकता पट्टा आपल्याला पुढे नेतो. क्वीन मदरच्या (दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या) मुकुटात अगदी समोर तो बसवलाय, पण हाच तो हे कळेपर्यंत मी पुढे गेले होते. फोटोही काढू देत नाहीत. अण्णांचं असं व्हायला नको.

सकाळी दार उघडल्या उघडल्या थेट जवाहिरखाना गाठायचा विचार आहे. गर्दी नसेल तर पट्ट्यावरून दुसरी फेरी मारू देतात का? काठी घेऊन त्यावर चढ-उतार करताना पट्टा थांबवतात का? आणि व्हीलचेअर तिथे मिळते की घरून न्यायची? आतली वाट जुन्या दगडांची, खडबडीत आहे. त्यावर ढकलत नेलेलं कुणी असेल तर जरूर लिहा, कारण गचके बसून गुडघा दुखला तर पुढचे सगळे दिवस जातील.

व्हाइट टॉवरचे गोल जिने सोडून दिलेत. ट्रेटर्स गेट (नदीकडून कैदी आणायचं जुनं दार) आणि तिथले डोमकावळे खालूनच दिसतील.

पॅडिंग्टनहून सर्कल लाइनने थेट टॉवर हिलला जाऊ. स्टेशनातून फाटकापर्यंत पायऱ्या टाळून जाणारी वाट कुठली?

वार अजून ठरवलेला नाही. कुठल्या दिवशी निवांत असतं ते सांगा, त्याप्रमाणे तिकिटं काढते.