साडेचार वर्षांनी मागितलेली माफी: न्यायमूर्ती स्यूअल यांचं चित्र विधानभवनात असावं का?

बॉस्टनकर

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानभवनात प्रतिनिधीगृहाच्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे. आल्बर्ट हर्टर यांनी १९४२ मध्ये रंगवलेलं. त्यात सॅम्युएल स्यूअल हे न्यायाधीश भर चर्चमध्ये आपल्या चुकीची कबुली देत उभे आहेत. गेल्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. सोबतच्या मैत्रिणीने ते पाहून एकच विचारलं, "फाशी देणाऱ्याचं चित्र आहे, फाशी गेलेल्यांचं कुठंय?" तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे, म्हणून हा धागा.

माझी बाजू मांडतो. १६९२ मध्ये इथल्याच सेलम गावात चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला शेतकरी आरोपाला उत्तर द्यायला तयार नव्हता, त्याला अंगावर दगड रचून मारलं. त्या खास न्यायालयात नऊ न्यायाधीश होते. त्यांतले एक स्यूअल: बॉस्टनच्या मिलिशियातले (नागरिकांच्या सैन्यातले) कॅप्टन, हार्वर्डचे पदवीधर, टांकसाळ चालवणाऱ्या जॉन हल यांचे जावई.

स्यूअल आणि त्यांची बायको हॅना यांना १४ मुलं झाली, त्यातली बहुतेक लहानपणीच गेली. १६९६ च्या मे महिन्यात एक मुलगा मृत जन्मला. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्या दिवशी घरात थोरला मुलगा बायबलमधला उतारा वाचत होता: मला दया हवी आहे, बळी नको, हे कळलं असतं तर तुम्ही निरपराधांना दोषी ठरवलं नसतं. स्यूअलनी डायरीत लिहिलंय की हे ऐकताना सेलमची आठवण येऊन ते हादरले. २५ तारखेला साराला पुरलं. (स्यूअल ज्या कडक प्युरिटन पंथाचे होते, ते लोक नाताळ पाळत नसत.) ते स्वतः थडग्याच्या तळघरात उतरले आणि सासू-सासरे आणि आपली सहा मुलं यांच्या शवपेट्यांजवळ एकटेच थांबले.

तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ ला, सार्वजनिक उपवासाच्या दिवशी त्यांनी पाद्री विलर्ड यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. ती वाचली जात असताना ते सगळ्यांदेखत उभे राहिले आणि संपल्यावर मान झुकवली. 'दोष आणि लाज' आपल्या माथी घेतो, असं त्यात होतं. मुख्य न्यायाधीश स्टॉटन यांनी कधी माफी मागितली नाही, दुसरे न्यायाधीश हॅथॉर्न यांनीही नाही. नऊपैकी एकच माणूस उभा राहिला, आणि त्याला मी मोठा मानतो.

काळीशाई

दादा, तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे.

१६८६ मध्ये मिलिशियाच्या निशाणावर क्रूस लावायचा हुकूम आला. स्यूअलना तो मूर्तिपूजेसारखा वाटला, आणि त्यांनी कॅप्टनपदाचा राजीनामा दिला. म्हणजे मनाला पटलं नाही की पद सोडायचं, हे त्यांना जमत होतं! मग सेलमच्या खटल्यातल्या रिबेका नर्सच्या वेळी काय झालं? ज्युरीने त्या म्हातारीला निर्दोष ठरवलं होतं. स्टॉटननी ज्युरीला पुन्हा विचार करायला लावला, निकाल फिरला, १९ जुलैला ती फासावर गेली. कापडावरच्या क्रूसासाठी राजीनामा देणारा माणूस तेव्हा खुर्चीवरच बसून होता.

आणि त्याच न्यायालयात नॅथनिएल सॉल्टनस्टॉल होते. हेव्हरहिलचे, तेसुद्धा मिलिशियाचे अधिकारी. १० जूनला ब्रिजेट बिशपला पहिली फाशी झाली आणि त्यानंतर ते न्यायालयातून बाहेर पडले. चित्र काढायचंच तर त्यांचं काढा.

बॉस्टनकर

निशाणाचा मुद्दा लागला, मान्य करतो.

सॉल्टनस्टॉल यांच्याबद्दल मात्र सहमत नाही. ते बाहेर पडले, पण बाहेर येऊन जाहीर काही बोलले नाहीत. त्यांची नाराजी आपल्याला कळते ती थॉमस ब्रॅटल या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या पत्रातून. त्यांच्या मागे आणखी अठरा जण फासावर गेले. आपले हात स्वच्छ ठेवणं आणि दुसऱ्याचे हात धरणं यात फरक आहे.

उंबरठा

मला तिसरंच खटकतं. ही माफी नक्की कोणाची? चिठ्ठीची सुरुवातच अशी आहे की देवाने माझ्यावर आणि माझ्या कुटुंबावर वारंवार आघात केले, त्याची मला जाणीव आहे. पुढे प्रार्थना आहे की या पापाची शिक्षा माझ्यावर, माझ्या माणसांवर किंवा या भूमीवर येऊ नये. साराचं दुःख खरं होतं, मी स्वतः आई आहे, त्यावर बोट ठेवणार नाही. पण फासावर गेलेल्या मेरी ईस्टीलाही मुलं होती. त्या चिठ्ठीत एकाही मृताचं नाव नाही. फाशी गेलेले पाद्री जॉर्ज बरोज हे स्यूअलच्या एक वर्ष आधीचे हार्वर्डचे पदवीधर, त्यांचंही नाही.

पारिजात

उंबरठाताई, त्या काळच्या माणसाला देव आणि शेजारी असे वेगळे काढता येत नव्हते. लेकरू गेलं की आपलं काय चुकलं हे शोधणं ही त्यांची रीत होती. प्रश्न असा की शोधून सापडलं काय? इतर न्यायाधीशांच्या घरीही पाळणे रिकामे झाले असतील, सेलम त्यांना आठवलं नाही.

आणि पुढचं आयुष्य बघा. १७०० मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध 'जोसेफची विक्री' ही तीन पानी पुस्तिका छापली. न्यू इंग्लंडमध्ये (अमेरिकेच्या ईशान्य भागात) छापलेलं या विषयावरचं ते पहिलं लिखाण. ॲडम नावाच्या गुलामाला ठरलेली मुदत संपल्यावरही मालक जॉन सॅफिन सोडत नव्हता. हा सॅफिनही न्यायाधीशच. त्याने १७०१ मध्ये स्यूअलना उत्तर म्हणून उलट पुस्तिका काढली. १७०३ मध्ये ॲडम सुटला. एकदा चुकलेला माणूस पुढच्या वेळी आपल्याच वर्गाविरुद्ध उभा राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

काळीशाई

ती पुस्तिका पूर्ण वाचा. काळी माणसं आपल्यात कधीच मिसळू शकणार नाहीत, असंही त्यातच लिहिलंय. विकणं पाप आहे, पण शेजारी म्हणून नकोत. कौतुक करायचं तर हे वाक्य गाळू नका.

पारिजात

नाही गाळत. तरी ॲडम सुटला, यात त्यांचा वाटा आहेच.

उंबरठा

भरपाईचंही बोलूया. १७११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या (तेव्हा इंग्रजांच्या) वसाहतीने बहुतेकांवरचा ठपका काढला आणि कुटुंबांना ५७८ पौंड १२ शिलिंग दिले. काही नावं तशीच राहिली. त्यांच्यासाठी १९५७ मध्ये ठराव झाला, मग २००१ मध्ये, आणि शेवटचं नाव, एलिझाबेथ जॉन्सन ज्युनिअर, २०२२ मध्ये सुटलं. चित्र १९४२ चं आहे. म्हणजे न्यायाधीशाचा पश्चात्ताप भिंतीवर चढला, तेव्हा खाली त्याच सभागृहाच्या दप्तरात काही बायका अजून चेटकिणीच होत्या.

बॉस्टनकर

हे वाचून थांबलो. ही तारखांची जोडणी माझ्या लक्षात आली नव्हती. तरी चित्र उतरवावं असं मला वाटत नाही. आमदार रोज त्या भिंतीखाली बसून कायदे करतात. चुकलेला सत्ताधारी कसा उभा राहतो, हे त्यांनी बघावं.

काळीशाई

उतरवा असं मीही म्हणत नाही. पण सप्टेंबर १६९२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या मेरी ईस्टीने गव्हर्नर आणि न्यायाधीशांना अर्ज केला होता. माझ्या जिवासाठी मागत नाही, मला मरायचंय हे ठाऊक आहे, फक्त आणखी निरपराध रक्त सांडू नये. ज्युरीतल्या बारा जणांनी पुढे लेखी माफी मागितली, त्यात तिचेच शब्द आहेत: निरपराध रक्त. त्या साध्या माणसांना ते लिहिता आलं. स्यूअलच्या चिठ्ठीत 'निरपराध' हा शब्द नाही. मी दोनदा शोधला.