साठवणीच्या कांद्यावर काजळी: किती सोलावे आणि कोणता कांदा टाकून द्यावा?

नमस्कार.

मे महिन्यात नाशिकहून उन्हाळी कांद्याची २५ किलोंची गोण आणून दरवर्षीप्रमाणे बाल्कनीत ठेवली होती. जुलैच्या झडीत तिच्यावर पावसाचे शिंतोडे येत राहिले आणि ती आत हलवण्याचे काम माझ्या आळसामुळे दोन आठवडे लांबले. आता निम्म्याहून अधिक कांद्यांवर टरफलाखाली, शिरांच्या रेषांनी, काळी भुकटी धरलेली दिसते.

सासूबाईंच्या मते वरचे दोन पापुद्रे काढून कांदा धुतला की झाले, कारण त्यांनी आजवर तेच केले आहे. मुलगी मात्र २०२१ मधल्या व्हॉट्सॲपवरच्या संदेशाची आठवण काढते, ज्यात कांद्यावरच्या या काळ्या थराने म्युकरमायकोसिस होतो असे म्हटले होते. तो दावा खोटा होता, एवढे मी तिला समजावले आहे. कांद्यावरची काजळी बहुधा ॲस्परजिलस नायजर या मातीतल्या बुरशीची असते, म्युकरवर्गीय बुरशी निराळी, आणि त्या आजाराला ‘काळी’ बुरशी म्हणतात ते रुग्णाच्या मेलेल्या ऊती काळ्या पडतात म्हणून.

माझी अडचण पुढची आहे. अमेरिकी कृषी विभागाच्या सल्ल्यानुसार गाजर, कोबी यांसारख्या घट्ट भाज्यांवरचा बुरशीचा डाग सभोवती आणि खाली किमान १ इंच कापून काढला तर उरलेला भाग वापरता येतो. टोमॅटो, काकडी यांसारख्या मऊ, पाणीदार फळभाज्या मात्र पूर्ण टाकाव्या लागतात, कारण त्यांच्या गरात बुरशीचे तंतू दिसत नसतानाही खोलवर पसरलेले असू शकतात. कांदा घट्ट आहे खरा, पण मध्यम कांद्याला १ इंचाचा नियम लावला तर हातात काहीच उरत नाही.

‘फोडणीत सगळे मरते’ हे उत्तर मला पटत नाही. सफरचंदावरच्या पेनिसिलियम एक्सपान्सम बुरशीचे पॅट्युलिन हे विष रस तापवूनही पुरते नष्ट होत नाही, म्हणून तर सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. कांद्याच्या बाबतीतही असे काही आहे का? शिवाय सासऱ्यांना दमा आहे आणि गोण हलवली की काळी धूळ उडते. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

अन्नतंत्रज्ञान शिकवताना हा प्रश्न दर पावसाळ्यात माझ्यासमोर येतो. कांद्याचे थर एकमेकांपासून सुटे असतात आणि ही बुरशी सहसा बाहेरच्या पापुद्र्यांतच राहते, त्यामुळे येथे इंच न मोजता थर मोजावेत. थोडीशी काजळी वाहत्या गार पाण्याखाली धुऊन किंवा बाधित थर काढून उरलेला कांदा वापरता येतो, असे तोच अमेरिकी विभाग कांद्याबाबत वेगळे सांगतो. मी स्वतः खालचा एक स्वच्छ थरही काढतो आणि सोलल्यावर सुरी व पाट धुऊन मगच चिरतो. मान मऊ पडली असेल, वास येत असेल किंवा काळेपणा आतल्या मांसल थरांत उतरला असेल, तर तो कांदा पूर्ण टाकावा. या बुरशीचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते उष्णतेला बरेच टिकते, त्यामुळे फोडणीबद्दलची आपली शंका रास्त आहे.

सासऱ्यांच्या बाबतीत मी जास्त कडक राहीन. या बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी असे कांदे वापरूच नयेत आणि दम्याच्या माणसाने निवडायला तर मुळीच बसू नये. गोण घरात झटकू नये. तोंडाला मास्क लावून बाल्कनीत निवडावी आणि लगेच वापरायचा कांदा किंचित ओला करून सोलावा, म्हणजे भुकटी उडत नाही. साठवायचे कांदे मात्र धुऊ नयेत. ते कोरड्या, हवेशीर जागी एकाच थरात पसरावेत, बटाट्यांपासून दूर.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. काल निवड केली. ७ किलो कांदे टाकावे लागले, त्यांतले बहुतेक गोणीच्या तळाचे आणि मान मऊ पडलेले होते. चांगले कांदे पलंगाखाली वर्तमानपत्रावर पसरले आहेत, पण तेथे वारा फारसा खेळत नाही. आठवड्यातून किती वेळा ते परतून पाहावेत?