बॉम्बची आतली गोष्ट सांगणारा गद्दार असते का?

पऱ्हाटीवाला:
काल पारावर वानूनूचा विषय निंगाला. इस्रायलच्या डिमोना इथल्या अणुकेंद्रातला टेक्निशियन, 1986 मधी लंडनच्या पेपरले आतले फोटो देल्ले, छापून याच्या आधीच एका बाईच्या नादी लावून त्याले रोमले नेलं न तिथून उचललं. 18 वर्षं जेल, त्यातले 11 च्या वर एकट्याच्या कोठडीत. अर्धे लोक म्हणे बरं झालं. मले नाही पटलं. बॉम्ब कसा बनवाचा हे कोणी सांगू नये, पण हाय का नाही, चालते का नाही, पयले टाकाचा का नाही हे लोकाईले माहीत पायजे ना राजेहो, पैसा आपला न मरणारबी आपणच.

रिटायर फौजी:
भाऊ, पारावर बसून बोलणं सोपं हाय. हाय का नाही एवढंच सांगून तो थांबला का? प्लांटच्या आतले फोटो देल्ले त्यानं. मी 22 वर्षं नोकरी केली, कोणत्या गाडीत काय होतं हे बायकोलेबी नाही सांगितलं.

वर्धेवाली:
काका, शत्रूले पत्ताच नाही तं तो भेईन कायले? आपणच 2003 मधी जाहीर केलं ना का पयला वार करणार नाही. न संतानमचं काय? पोखरणच्या 1998 च्या अणुटेस्टात डीआरडीओकडून, म्हंजे सैन्यासाठी शस्त्रं बनवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, तेच होते, 2009 मधी बोलले का हायड्रोजन बॉम्ब जसा फुटाचा तसा फुटलाच नाही. अणुखात्याचे शास्त्रज्ञ चिदंबरम, काकोडकर म्हणे सगळं बरोबर झालं. टीव्हीवर, पेपरात सगळा वाद झाला, काही आभाळ पडलं का?

रिटायर फौजी:
रिटायर झाल्यावर बोलले ते, 11 वर्षानं. न ते काही शांतीवाले नोयते बरं ताई, त्याईचं म्हणणं होतं का आणखी टेस्ट लागन, सीटीबीटीवर, म्हंजे अणुटेस्ट बंदीच्या करारावर, सही करू नका.

वर्धेवाली:
हो ना, मले त्याईचं ते मत नाहीच पटत. पण बोलले म्हणून तं वाद घालता आला.

पऱ्हाटीवाला:
आमच्याकडं एका जिनिंगचा काटा क्विंटलमागं दोन किलो खाये. हमालानं सांगितलं, तं त्याचंच काम गेलं, न ज्याईचा कापूस वाचला तेच म्हणे याचं तोंड लय चालते. सरकारचंबी तसंच, आतली गोष्ट सांगणाऱ्याले वाचवाचा कायदा 2014 मधी पास करून ठेवला न लागूच नाही केला, इंग्रजाचा 1923 चा गुपिताचा कायदा मात्र सुरू हाय.

रिटायर फौजी:
काट्यानं गाव मरत नाही, बॉम्बनं मरते. दोन्ही एका मापात नोका मोजू.

वर्धेवाली:
म्हणूनच तं विचारून रायली काका! काट्याले एक तपासणीवाला तरी येते, याले कोण येते?

रिटायर फौजी:
बरं, तो हमाल आता कुठं हाय?

पऱ्हाटीवाला:
संत्र्याच्या तोडीवर जाते, मोर्शीकडं. हंगाम सरला का घरीच.