आजीच्या डब्यातले राजाछाप रुपये : सराफाला देण्याआधी काय तपासू?

कोथरूडची_नात
नमस्कार मंडळी. आजीच्या ट्रंकेत पत्र्याचा एक डबा सापडला. त्यात २७ रुपये, ६ अधेल्या आणि मूठभर पावल्या. सगळ्यांवर राजाचं तोंड, सालं मात्र वेगवेगळी. दर लक्ष्मीपूजनाला हे रुपये पाटावर मांडले जायचे, त्यामुळे नक्षीत कुंकू घट्ट जाऊन बसलंय. लक्ष्मी रोडवरच्या एका सराफाला दाखवले. त्याने काट्यावर ठेवलेसुद्धा नाहीत. म्हणाला, "युद्धातली नाणी, अर्धीच चांदी. रुपया म्हणजे एक तोळा, पाच-पाच ग्रॅम चांदी धरू." द्यावेत का? आई म्हणते आधी पितांबरीने घासू, मग भाव येईल.
आणि रविवारी जुन्या बाजारात एकाकडे १९३९ चा रुपया दिसला. दीड हजार म्हणाला. घेऊ?

खणखणीत
ताई, आधी घरातली पितांबरी आणि चिंच दोन्ही लपवा. मी एक राणीछाप रुपया चिंचेने घासून आरशासारखा केला होता आणि मोठ्या ऐटीत कॉइनेक्सला, म्हणजे नाण्यांच्या प्रदर्शनाला, नेला. टेबलामागच्या काकांनी भिंग उचललंच नाही. "घासलाय" एवढंच बोलले. काळपट थर हा मळ नाही, चांदीचं वय आहे. कुंकू जाचत असेल तर साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, मऊ कापडाने नुसतं टिपा. चोळायचं नाही.

आता सराफाचा हिशोब. पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. पण रुपया पाडला जायचा जुन्या तोळ्याचा, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. इथेच नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त हिसका. दुसरं, "युद्धातली" म्हणजे कोणत्या युद्धातली? पहिल्या महायुद्धातला पंचम जॉर्जचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा आहे. सहाव्या जॉर्जचा १९३८ चाही तसाच. १९४० ते ४५ च्या रुपयात मात्र ५० टक्के चांदी, ४० तांबं आणि निकेल-जस्त पाच-पाच. म्हणजे एकात १०.६९ ग्रॅम चांदी, दुसऱ्यात ५.८३. एकाच भावाने जाऊ देऊ नका.

साल पुसट असेल तर काठ बघा. १९३८ च्या काठाला साधे दातेरे आहेत. १९४० पासून काठाच्या मधोमध गोल फिरणारी खाच आली. चांदी कमी केली की खोटी नाणी पाडणाऱ्यांचं फावतं, म्हणून हा बंदोबस्त.

रसायनवाला
काठावर विश्वास नसेल तर पाण्यावर ठेवा. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. जुना ९१.७ टक्क्यांचा रुपया साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल, चाळिशीतला १.२२. झिजलेला असेल तर त्याचं कोरडं वजन या आकड्याने भागा. १०.३ च्या आसपास आलं तर जुनी चांदी, ९.५ आलं तर मिश्र. हात थरथरतो म्हणून मी दोरा स्टुलाच्या पायाला बांधतो. बायको हसते, पण आकडा बरोबर येतो.

आणि लोहचुंबक लावाच. चिकटला तर तो १९४७ चा निकेलचा, मागे वाघ असलेला. चांदी शून्य.

बुधवार_रविवार
१९३९ च्या भानगडीत पडू नका. तो रुपया फार थोडा बाहेर आला. खरा निघाला तर बोली लाखांत जाते, दीड हजारात कोण देईल? बहुतेक वेळा १९३८ च्या आठाचा नऊ केलेला असतो. भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बघा, खरवडल्याच्या रेघा दिसतील. काठाला खाच दिसली तर भिंगाचीही गरज नाही, तो चाळिशीतलाच आहे. जुना बाजार माझा जीव की प्राण, पण तिथे मी भोकाचे पैसे घेतो, फसलो तरी चहाच्या पैशांत.

इतिहासाचा_किडा
थोडं अवांतर. १९४० मध्ये लोक रुपये साठवायला लागले, सुट्ट्या पैशांची टंचाई झाली, सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि नाण्यातली चांदी उतरवली. पुढे अमेरिकेकडून उसनी चांदी आली. ती परत करायची होती, म्हणून १९४६ पासून निकेलची नाणी. पहिल्या युद्धातही हेच झालं होतं. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवून चांदी ब्रिटनला विकली आणि ती इथल्या टांकसाळींत आली. ताई, १९१८ चा रुपया निघाला तर त्यात एखादा अमेरिकन डॉलर मुरलेला असू शकतो!
अधेल्यांवर भिंगाने बारीक 'एल' शोधा. ती लाहोरची टांकसाळ, युद्धात १९४३ ला सुरू झालेली.

कोथरूडची_नात
अपडेट. काल रात्री जेवणाच्या टेबलावर दोरा, वाटी, काटा मांडून बसलो. आठ जुने निघाले : पाच पंचम जॉर्जचे (दोन १९१८ चे, @किडा!) आणि तीन १९३८ चे. अठरा चाळिशीतले. एक चुंबकाला टपकन चिकटला, तोच आईला सर्वांत चकचकीत म्हणून आवडायचा. सराफाच्या हिशोबाने सत्तावीस रुपयांत १३५ ग्रॅम चांदी होती, आमच्या हिशोबाने झीज सोडून १९० च्या आसपास. एका अधेलीवर 'एल' आहे.

खणखणीत
वा! आठ जुने आणि लाहोरची अधेली वेगळी काढा, मोडीत अजिबात घालू नका. पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, चांदीला हिरवा चिकटा धरतो. पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. अठरांपैकी राजाच्या मुकुटाची नक्षी स्पष्ट असलेले दोन-तीन ठेवा, बाकीचे हवे तर मोडा. पण काट्यावर, ग्रॅममध्ये.

कोथरूडची_नात
आईने एक १९४४ चा परत मागून घेतलाय, पूजेला. त्याचं कुंकू काढायचं नाही म्हणाली.