जलरंग आणि पेस्टल चित्रांच्या फ्रेमसाठी कोणती काच निवडावी?

प्रश्न:
मला एक जलरंगातील निसर्गचित्र आणि सॉफ्ट पेस्टलमधील एक मोठे व्यक्तिचित्र फ्रेम करून घ्यायचे आहे. ज्या भिंतीवर ती लावायची आहेत, तिच्या बरोबर समोर खिडकी आहे. फ्रेम करणाऱ्यांनी साधी काच, नॉन-ग्लेअर काच, अतिनील किरण अडवणारी काच आणि अ‍ॅक्रिलिक (काचेऐवजी वापरायचा पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) असे पर्याय सुचवले आहेत. प्रतिबिंब टाळणे आणि रंग टिकवणे ही दोन्ही कामे एकाच काचेने होतात का?

उत्तर १:
होतात, मात्र नॉन-ग्लेअर काचेने नव्हे. तिच्या किंचित खरबरीत पृष्ठभागामुळे प्रतिबिंब नाहीसे न होता केवळ विखुरते आणि चित्रही थोडे धूसर दिसू लागते. माउंटमुळे (चित्राभोवती लावलेल्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे) चित्र काचेपासून जितके मागे जाईल, तितका हा धूसरपणा वाढतो. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, तर अँटी-रिफ्लेक्टिव्ह (परावर्तन कमी करणारा) लेप दिलेल्या काचेवरून जेमतेम १ टक्का. असा लेप आणि अतिनील संरक्षण एकत्र असलेली काच मिळते. ती महाग असते. पण खिडकी समोरच असल्याने जलरंगासाठी मी तीच घेईन.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, तरी एक पुस्ती जोडतो. दृश्य प्रकाशानेही रंग उडतात आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही, म्हणून कोणतीही काच संपूर्ण संरक्षण देऊ शकत नाही. संग्रहालयांत जलरंगचित्रांवरील प्रकाश साधारणपणे ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) मर्यादित ठेवतात. शक्य असल्यास भिंतच बदलावी.

प्रश्नकर्ता:
भिंत बदलता येईल. पेस्टलचे चित्र मोठे असल्याने त्यासाठी वजनाला हलके अ‍ॅक्रिलिक चालेल का?

उत्तर ३:
साधे अ‍ॅक्रिलिक मुळीच वापरू नये. त्याचे वजन काचेच्या निम्मे असते आणि ते सहसा फुटत नाही हे खरे. परंतु पुसताना त्यावर स्थिर विद्युतभार निर्माण होतो आणि पेस्टलची सुटी भुकटी कागदावरून उचलली जाऊन आतल्या बाजूस चिकटते. कोळशाच्या चित्रांनाही हाच धोका असतो. वजनाची फारच अडचण असेल, तर स्थिर विद्युतरोधक लेप असलेले अ‍ॅक्रिलिक शोधावे, अन्यथा काचच बरी. दोन्ही चित्रांत माउंट किंवा स्पेसर (काच आणि कागद यांत अंतर ठेवणारी पट्टी) घालून काच कागदापासून दूर राहील असे पाहावे, कारण आत दमटपणा साचल्यास काचेला टेकलेला कागद तिला चिकटतो किंवा त्यावर बुरशी धरते. लेप असलेल्या काचेवर अमोनियायुक्त द्रावण वापरू नये, आणि कोणतेही द्रावण काचेवर न फवारता कापडावर घ्यावे.