मुलीला डीओ व्हायचंय, अर्जाबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक यंदा मेडिकलचे अर्ज भरतेय. एमकॅटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला, ५०६ मिळालेत आणि तिची ओढ ऑस्टिओपॅथिक कॉलेजांकडे आहे, जिथे एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी मिळते. साताऱ्याला सासूबाईंना वाटतंय नात हाडवैद्य होणार. त्यांना नीट समजावून सांगायचं मनावर घेतलंय. अमेरिकेत डीओला एमडीसारखाच पूर्ण परवाना मिळतो, शस्त्रक्रियासुद्धा करता येते, आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला, मान्यता देणारी व्यवस्थाही एकच आहे, इतकं मला कळलंय.

अडलंय ते शिफारसपत्रापाशी. काही कॉलेजांना डीओ डॉक्टरचंच पत्र लागतं आणि तिने आजवर फक्त एका एमडी बालरोगतज्ज्ञांकडे शॅडोइंग, म्हणजे सोबत बसून त्यांचं काम बघणं, केलंय. दोन दवाखान्यांत फोन केले, नकार आला. अनोळखी डीओ डॉक्टरांना कसं विचारायचं? किती दिवस बसल्यावर पत्र मागणं बरं दिसतं? ॲकोमासचा, म्हणजे डीओ कॉलेजांचा सामायिक अर्ज मे महिन्यात उघडतो आणि लवकर भरलेला बरा म्हणतात, म्हणून जीव खालीवर होतोय.

दुसरं, ज्यांची मुलं सध्या शिकतायत त्यांना विचारते. हातांनी उपचार करण्याचं ते वेगळं प्रशिक्षण, जवळपास २०० तासांचं, बाकीच्या अभ्यासात कसं बसतं? आणि कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेसोबत एमडीवाल्यांची यूएसएमएलईही द्यावी का? तिला बालरोगातच जायचंय, तर दोन-दोन परीक्षांचा ताण घ्यायला लावू की नको?

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. लेकीलाही वाचून दाखवेन.