ग्रिग्री घ्यावं की ट्यूबच ठेवावी? वजनात बराच फरक असलेल्या जोडीसाठी सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

कातळ चढताना मी लीड करतो, म्हणजे पुढे चढत कातळातल्या बोल्टमध्ये दोर अडकवत जातो, आणि बिले, म्हणजे खालून दोर सांभाळून पडणाऱ्याला रोखणं, बहुतेक वेळा माझी बहीण देते. माझं वजन ७८ किलो, तिचं ५३. आमच्याकडे सध्या एटीसी-गाइड आहे, म्हणजे बिलेची साधी ट्यूब, जिच्यात दोर हातानेच रोखावा लागतो, आणि ९.८ मिमीचा सिंगल रोप. तिचा हात पक्का आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मी पडलो की ती वर उचलली जाते. त्या झटक्यात ती कातळावर आपटली किंवा वरून सुटलेला दगड तिच्या ब्रेकच्या, म्हणजे दोर आवळून धरणाऱ्या, हाताला लागला, तर ट्यूबमध्ये दोर धरायला दुसरं काहीच नाही. हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून दोर आपसूक पकडणारं काहीतरी घ्यायचं आहे. ग्रिग्री, ग्रिग्री प्लस, निऑक्स, मेगा जुल अशी नावं ऐकली. मल्टिपिचही (एकापेक्षा जास्त टप्प्यांची चढाई) करतो, त्यामुळे दुहेरी दोरावर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून खाली उतरणं, लागतंच. कोणी दोन्ही प्रकार वापरले असतील तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी एक सांगतो, लॉक होणारं उपकरण वजनातला फरक मिटवत नाही. ताई तरीही उचलली जाणारच. त्यासाठी एडेलरिडचं ओम पाहा. ते पहिल्या बोल्टमध्ये अडकवायचं. पडल्यावर दोर त्यात ओढला जाऊन घर्षण वाढतं आणि खाली येणारा झटका कमी होतो. ताईंना जमिनीला अँकर करू नका. फॉल कडक बसेल आणि दगड आला तर त्यांना बाजूलाही होता येणार नाही.

तुमची हाताची काळजी मात्र रास्त आहे, आणि तिथे ग्रिग्री उपयोगी पडेल. आत एक कॅम असतो. दोर जोरात ओढला गेला की कॅम फिरून दोर चेपतो. पण दोर उलटा भरला तर तो पकडणार नाही. उपकरणावर कोरलेलं चित्र बघूनच भरा, मग लीडरच्या बाजूचा दोर झटक्याने ओढून पाहा, आणि तुम्हीही तपासा. झटपट स्लॅक (ढिला दोर) देताना अंगठ्याने कॅम दाबावा लागतो. तिथे हात बसायला सराव हवा. अंगठा क्षणभरच, आणि बाकीची बोटं ब्रेकच्या दोरावरच.

प्रतिसाद २

निऑक्स २०२४ मध्ये आलं. आत फिरणारं चाक असल्याने दोर कॅम न दाबता सुटतो, लीडला सुखाचं. ग्रिग्री प्लसचा दांडा घाबरून पूर्ण खेचला तर उतरणं थांबतं, हे नवशिक्यांसाठी चांगलं. ताई अनुभवी आहेत, त्यांना साधं ग्रिग्री पुरे.

मेगा जुलमध्ये हलणारा भाग एकही नाही. फॉलमध्ये कॅरॅबिनर (उपकरण हार्नेसला जोडणारी कडी) पुढे सरकून दोर दाबतो. म्हणूनच कॅरॅबिनरचा आकार महत्त्वाचा: कंपनीने सुचवलेलाच वापरा, नाहीतर पकड बदलते. स्टीलचं असल्याने झिजही कमी. उतरवताना मात्र थोडं झटक्याझटक्याने सुटतं, मला ते आवडत नाही.

धागालेखक

खूप आभार दोघांचेही. ओमबद्दल माहीतच नव्हतं. मग ग्रिग्री घेतलं तर रॅपलिंगचं काय?

प्रतिसाद १

ग्रिग्री एकेरी दोराचंच आहे, त्यात दोन दोर जात नाहीत. तुमचं एटीसी-गाइड जवळ ठेवाच. सेकंडला, म्हणजे मागून चढणाऱ्याला, वरून बिले द्यायला गाइड मोड आहेच, शिवाय रॅपलिंगही त्यावरच. एकच उपकरण न्यायचं असेल तर गिगा जुल आहे: स्लायडर सरकवला की साधी ट्यूब, परत सरकवला की लॉक होणारं. पण तुमच्यासारख्या जोडीला मी ओम आणि ग्रिग्री सुचवेन. आणि दोन्हींसोबत ताईंना आधी टॉप-रोपवर (दोर आधीच वर अडकवलेला असतो तिथे) सराव करू द्या, लीड नंतर. ब्रेकच्या दोरावरून हात सोडायचा नाही, हा नियम ग्रिग्रीलाही तसाच लागू.

धागालेखक

ठरलं. पहिल्या सरावाला ब्रेकच्या दोराला मागे गाठ मारून ठेवतो आणि तिसऱ्या माणसाला मागून दोर धरायला सांगतो. ओमसोबत पहिला बोल्ट किती वर असलेला बरा, हे कोणी वापरलं असेल तर जरूर लिहा.